शोपँचे एत्यूद वाजवायचे तर एकिअर यांचीच आवृत्ती

पोलिश संगीतकार शोपँचे एत्यूद, म्हणजे पियानोचं तंत्र घोटून घेणाऱ्या रचना, शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: प्रत कुठली आणलीस? माझ्या पियानोवर यान एकिअर यांनी संपादित केलेली पोलिश नॅशनल एडिशन असते. इतक्या अवघड संगीतासाठी यापेक्षा विश्वासाची प्रत मला मिळालेली नाही.

सगळ्यात मोठी सोय फिंगरिंगची, म्हणजे कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा ते सांगणाऱ्या आकड्यांची. शोपँने स्वतः दिलेले आकडे किंचित मोठे आणि सरळ छापलेत, संपादकांचे लहान आणि तिरके. विद्यार्थ्यांच्या प्रतींवर त्याने लिहून दिलेले आकडे कंसात येतात. ओपस १० (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधला दुसरा एत्यूद उघडून बघा. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं क्रोमॅटिक स्केल (लागोपाठच्या अर्ध्या स्वरांची मालिका) पळवतात आणि त्याच हाताचा अंगठा नि तर्जनी खाली छोटे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतात. मधलं बोट करंगळीवरून पलीकडे न्यायचं, हे सुरुवातीला अशक्यच वाटतं. पण जवळजवळ प्रत्येक स्वरावर शोपँचा स्वतःचा आकडा आहे! तो त्याचा आहे हे डोळ्यांना दिसतं, म्हणून तो बदलायला मी धजत नाही.

स्वरांचाही प्रश्न आहेच. ओपस १० हा १८३३ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या प्रकाशकांकडून निघाला आणि तिन्ही छपाया तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय शोपँ नंतरही शिष्यांच्या प्रतींत बदल करत राहिला. एकिअर असे पर्याय लपवत नाहीत, आणि स्वरांचं अमुकच रूप का घेतलं ते भाष्यात सांगतात. भाष्य वाचायचा कंटाळा करू नका.

पियानोवादक कोर्तोची आवृत्ती जवळ असू द्या, पण तिच्यातल्या पूर्वतयारीच्या व्यायामांसाठी. जुनं स्कॅन तसंच छापलेल्या स्वस्त रीप्रिंटपासून मात्र लांब राहा. माझ्याकडे असं एक होतं: लेजर लाइन (पाच रेघांच्या वर-खालच्या स्वरांसाठीच्या छोट्या रेघा) पुसट, चिन्ह शार्पचं (स्वर अर्ध्याने चढवणारं) की नॅचरलचं (तो मूळ जागी आणणारं) तेही कळेना. ओपस २५ मधल्या सहाव्यात, त्या थर्ड्सच्या (एक स्वर सोडून येणाऱ्या जोड्यांच्या) धावपळीत, अंदाजाने वाचलेला स्वर बोटांत एकदा मुरला की निघता निघत नाही.

दोन्ही ओपस आणि नंतरचे तीन सुटे एत्यूद, असे सगळे २७ या एकाच खंडात आहेत. एखादाच एत्यूद वाजवणार असाल तरी अख्खा खंडच घ्या.