खालच्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव दिसलं पाहिजे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे, 29 वर्षं झाली. आधी खतावणी लिहायचो, आता कॉम्प्युटर. दुकानातल्या मशीनवर गेल्या दिवाळीनंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, त्यातला माते नावाचा डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरच्या मेनू-खिडक्यांची मांडणी. एक अख्खा सीझन त्यावर काढला, म्हणून लिहितोय.

आधी काम सांगतो. सौदे आटोपले, माल तोलला की सगळे एकदम टेबलाशी येतात. प्रत्येकाची पट्टी करायची: पोती किती, वजन किती, हळकुंडाचा (बोटासारख्या हळदीचा) दर, गड्ड्याचा (गोल कंदाचा) दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय. एकेका शेतकऱ्याची लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये वेगळी फाइल, फाइलीला नाव आणि गाव. एका वेळी आठ-दहा फाइली उघड्या असतात, कारण एकाचं वजन आलेलं असतं, दुसऱ्याची पोती अजून काट्यावर असतात.

मशीन तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं, रॅम 4 जीबी. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट संपले आणि विंडोज 11 या मशीनला चालत नाही. शेठ म्हणाले, "सीझन तोंडावर आलाय, आता नवा खर्च नको." भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला बोलावलं. त्यानं पहिल्यांदा लिनक्सचाच दुसरा एक डेस्कटॉप लावून दिला. दिसायला देखणा, पण खाली उघड्या फाइलींची यादीच नाही. दोन दिवस काढले. कवठेमहांकाळचे एक तात्या समोर उभे, एसटीची वेळ झालेली, आणि त्यांची फाइल कुठल्या खिडकीमागं गेली ते मला सापडेना. "दिवाणजी, माझी पट्टी हाय न्हवं?" असं त्यांनी काळजीनं विचारलं. ते मला फार लागलं. वर्षभराच्या घामाचा कागद असतो तो.

संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला सवयीचं आहे तसंच देतो." आणि मातेवालं मिंट टाकलं. त्याच्याकडूनच कळलं की माझ्यासारखी अडचण जगभरातल्या लोकांना आली होती. ग्नोम हा लिनक्सवरचा एक जुना डेस्कटॉप; एप्रिल 2011 मध्ये त्याचं नवं रूप ग्नोम 3 आलं, त्यात खालची खिडक्यांची यादी आणि जुना मेनू गेला. तेव्हा अर्जेंटिनातल्या एका माणसानं ग्नोम 2 चा कोड घेऊन तो तसाच पुढं चालवायला घेतला. तिकडं येर्बा माते नावाचं पेय पितात, त्यावरून नाव. ज्यानं कुणी हे केलं त्याचे मी मनापासून आभार मानतो.

आता स्क्रीनच्या खालच्या पट्टीचं. खिडक्यांच्या यादीच्या प्राधान्यांत 'कधीही गट करू नका' असा अर्थ असलेला पर्याय आहे, तो निवडायचा. मग दहा फाइलींची दहा बटणं खाली ओळीनं राहतात, प्रत्येकावर नाव. "पाटील, बोरगाव" म्हटलं की बोट तिथंच. मागच्या-पुढच्या माणसाचा हिशेब चुकून उघडत नाही, आणि समोरचा स्क्रीनकडं बघत असला तर त्यालाही आपलं नाव दिसतं. माझ्या मते या डेस्कटॉपचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे.

काजा नावाच्या फाइल मॅनेजरमध्ये एफ3 दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात. डावीकडं गेल्या सालचा फोल्डर, उजवीकडं यंदाचा. जुन्या शेतकऱ्याची कोरी पट्टी इकडून तिकडं ओढायची. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर 'एपसन 9-पिन सिरीज' या ड्रायव्हरवर चालू झाला, वेगळी सीडी लागली नाही. मराठी युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप करतो, त्यात काही अडलं नाही. मशीनमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) घातली होती, त्यामुळं वेगाबद्दल तक्रार नाही.

उणीवही सांगतो. अख्खा स्क्रीन मोठा करायचा तर एकदम दुप्पट होतो, दीडपट करायची सोय नाही. माझा चष्मा जाड, म्हणून फॉन्ट 13 केला. अक्षरं मोठी झाली पण बटणं बारीकच राहिली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर यावर थेट चालत नाही. आमची टॅली सीएंच्या ऑफिसात असते, म्हणून निभावलं; तुमची दुकानातच असेल तर आधी विचार करा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाइलीही नीट उघडत नाहीत. 2014 च्या आधीची नावं मला पुन्हा टाइप करावी लागली, चार रविवार गेले.

पैसे शून्य. मिंट 22 ला 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, म्हणजे माझ्या निवृत्तीपर्यंत तरी हे मशीन हलवायचं कारण नाही. काट्याशेजारच्या दुसऱ्या मशीनवरही हेच टाकायचं ठरलंय. रविवारी यार्ड बंद असतं, तेव्हा भाच्याला पेनड्राइव्ह घेऊन यायला सांगितलंय.