सोळा तिमाह्यांची गव्हर्नरकी: ‘चेअर द फेड’ वर्गात खेळवताना

अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रातला पतधोरणाचा धडा मुलं पाठ करतात नि विसरतात. रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना कर्ज देते तो व्याजदर) वाढला, कर्ज महागलं, मागणी घटली, महागाई उतरली. चार बाणांची आकृती काढली की गुण पदरात. एका बाणापासून दुसऱ्यापर्यंत किती महिने जातात, हे मात्र आकृतीत कुठंच नसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने केलेला ‘चेअर द फेड’ हा खेळ नेमका तो मधला काळ दाखवतो. तेवढ्यासाठी तरी तो गोव्यातल्या उच्च माध्यमिकच्या वर्गात खेळवावा.

खेळ फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतो. तुम्ही अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, अध्यक्ष. तिथं अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, म्हणून डाव सोळा तिमाह्यांचा. हातात एकच गोष्ट, व्याजदर. महागाई २ टक्क्यांजवळ आणि बेरोजगारी ५ टक्क्यांजवळ ठेवायची. दर तिमाहीला दर ठरवला की आलेख एक पाऊल सरकतो, मधूनच ठळक बातम्या येऊन गणित बिघडवतात. शेवटी फेरनेमणूक, नाहीतर घरचा रस्ता.

पहिल्या डावात बहुतेक गट एकाच जागी आपटतात. महागाई वाढलेली दिसली की दर वाढवतात. पुढच्या तिमाहीत ती तशीच, म्हणून आणखी वाढवतात. चौथ्या तिमाहीपर्यंत आधीचे सगळे निर्णय एकदम अंगावर येतात, बेरोजगारी उसळते, आणि घाबरून दर खाली ओढला जातो. मग उलट्या दिशेने तेच. हुमणात (माशाच्या कालवणात) सोलं (आमसुलं) टाकल्या टाकल्या चव घेतली तर ती आंबट लागणारच नाहीत. म्हणून आणखी चार टाकली, तर थोड्या वेळाने ते हुमण कोणाच्या घशाखाली उतरत नाही. वर्गात हे एकदा सांगितलं की ‘परिणामाचा विलंब’ ही संज्ञा वेगळी समजावावी लागत नाही.

दुसरी चूक हौसेची. ५ टक्के बेरोजगारी कशाला, ३ वर आणू, म्हणून दर पाडून ठेवायचा. काही तिमाह्या सगळं छान चालतं, मग महागाई चढू लागते आणि ती उतरवायला आधी वाचवली त्याहून जास्त बेरोजगारी मोजावी लागते. तिसरी चूक, सुरुवातीलाच दर शून्याजवळ नेणं. त्यानंतर मंदीची बातमी आली तर खाली जायला जागाच उरत नाही. फेडने स्वतः डिसेंबर २००८ ते डिसेंबर २०१५ अशी सात वर्षं शून्याला टेकून काढली, हे इथंच सांगून टाकावं.

खेळवण्याची रीत महत्त्वाची. एकेका मुलाला एकेक संगणक दिला तर तीन मिनिटांत सोळा वेळा बटण दाबून ती मोकळी होतात आणि हाती काही लागत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेत हा निर्णय २०१६पासून सहा जणांची पतधोरण समिती घेते: तीन बँकेचे, तीन सरकारने नेमलेले बाहेरचे, आणि मतं सम-समान पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. तेच इथं करा. एका संगणकाला सहा मुलं, त्यांतला एक गव्हर्नर. साठच्या वर्गाला दहा संगणक पुरतात. दर तिमाहीला सहाही जणांनी हात वर करून आपलं मत दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

प्रत्येक गटाला एक कागद द्या, पाच रकान्यांचा: तिमाही, दर, कोणाची मतं कुठं, अंदाज, प्रत्यक्ष. अंदाज बटण दाबण्याआधी आणि पेनने. पेन्सिल दिली की अंदाज नंतर ‘बरोबर’ होतात. पहिला डाव दहा मिनिटांत, काही न शिकवता, आपटू द्यावा. दुसरा डाव कागदासकट, साधारण वीस मिनिटं. चाळीस मिनिटांच्या तासात उरलेली दहा मिनिटं कागद वाचायला लागतात. एकमताने निर्णय घेणाऱ्या गटाचा कागद आधी वाचावा, तिथंच चुका दाट सापडतात.

आता उणीव. खेळाचा देश अमेरिका आहे आणि तो तसाच गोव्यात आणला तर मुलं भलतंच शिकतील. आपलं उद्दिष्ट २ नव्हे, ४ टक्के, वरखाली २ टक्क्यांची मुभा. शिवाय महागाई ज्यावर मोजतात त्या २०१२ आधारवर्षाच्या आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न-पेयांचाच वाटा ४५.८६ टक्के होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा म्हापशाच्या बाजारात बांगडा महागतो. व्याजदर कितीही वाढवला तरी त्याने एक ट्रॉलर समुद्रात जाणार नाही, आणि ऑगस्टमध्ये भाव उतरले तर त्याचं श्रेय गव्हर्नरला नाही. महागाई मागणीतून आली की पुरवठ्यातून, हा प्रश्न खेळ पुरेसा टोकदार करत नाही. तो शिक्षकाने करायचा.

तसंच खाणींचं. २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत ट्रक दारात उभे राहिले. खेळात देशाला बेरोजगारीचा एकच आकडा असतो, त्यात असा तालुका दिसत नाही.

डाव संपल्यावर भारताचा खरा आलेख फळ्यावर काढावा. २०२२मध्ये महागाई सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांच्या वर राहिली, म्हणून कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारकडे खुलासा करावा लागला. रेपो दर मे २०२२च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३मध्ये ६.५० झाला. स्वतः आपटून आलेल्या मुलांना हे आकडे वेगळे दिसतात.

‘द फिस्कल शिप’ हा दुसरा खेळ अर्थसंकल्पाचा, ब्रुकिंग्ज आणि विल्सन सेंटर या अमेरिकी अभ्याससंस्थांचा. तीन उद्दिष्टं निवडायची आणि पंचवीस वर्षांत कर्जाचं ओझं वाढू द्यायचं नाही. बांधणी उत्तम, पण मेडिकेअर (तिथल्या वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) नि सोशल सिक्युरिटी (तिथलं सरकारी निवृत्तिवेतन) समजावण्यातच तास संपतो. कॉलेजसाठी ठीक, बारावीला नको.

पावसाळ्यात लाइट किंवा नेट जाणार हे धरूनच कागदी डाव तयार ठेवावा. रेपो ६, महागाई ४, बेरोजगारी ६ पासून सुरुवात, आठ फेऱ्या. दर ६च्या जितका वर, त्याच्या निम्म्याने पुढच्या फेरीत बेरोजगारी वाढते आणि त्यापुढच्या फेरीत महागाई तितकीच घटते. खाली असेल तर उलट. म्हणजे पहिल्या फेरीत दर ७ केला, तर दुसरीत बेरोजगारी ६.५, तिसरीत महागाई ३.५. दर वर राहील तितक्या फेऱ्या ही भर पडत जाते. हे अर्थव्यवस्थेचं खरं प्रतिमान (मॉडेल) नव्हे, तोंडी हिशेबाला सोपं म्हणून घेतलेले आकडे आहेत.

तिसऱ्या आणि सहाव्या फेरीला एकेक चिठ्ठी उघडायची. ‘कच्चं तेल महागलं’: महागाईत १ची कायम भर. ‘निर्यात घटली’: बेरोजगारीत १ची. ‘पाऊस लांबला’: महागाईत १ची भर, पण दोन फेऱ्यांनी ती आपोआप जाते, आणि हे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायचं. तिसऱ्या फेरीला हीच चिठ्ठी येईल अशी सोय करा. तिच्यावर घाईने दर वाढवलेला गट पाचव्या फेरीत ४च्या खाली जातो आणि चिठ्ठी उलटून बघायला मागतो.