एकच ब्रॉडबँड, तीन कॉम्प्युटर: वायर की वायफाय?

वायफायला खटपट नाही, पासवर्ड टाकला की झालं. पण हवेतली वाट सगळ्यांची सामायिक. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवायला घेतली की तिसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा (वायफायच्या लहरींचा एक प्रकार) वेगवान खरा, पण दोन भिंतींपलीकडे दम टाकतो, २.४ चा तिथवर पोचतो, हळू का होईना.

लॅन केबल, म्हणजे राउटर ते कॉम्प्युटर जोडणारी वायर, दिसायला ओंगळ, दाराच्या फटीतून काढताना वैताग येतो. मात्र साध्या कॅट-५ई केबलवरही १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा (म्हणजे १००० मेगाबिटचा) वेग मिळतो, आणि तो डगमगत नाही. राउटरचं पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, तेवढं बघून घ्या. तेच १०० मेगाबिटचं असेल तर भारी केबल आणून उपयोग शून्य. जागचा न हलणारा डेस्कटॉप मी तरी वायरवरच ठेवतो. लॅपटॉपला वायफाय.