युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर : 99 सेंटिमीटर उंचीच्या मुलासह एक दिवस

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी, म्हणजे मी, माझे पती, सासूबाई, साडेसहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांना दोन महिने कमी असलेला मुलगा यांनी, सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये एक पूर्ण दिवस घालवला. या उद्यानाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वेगवेगळ्या उंचीची दोन लहान मुले बरोबर असतील, तर नेमक्या किती राइड वाट्याला येतात आणि उरलेल्या वेळेचे काय करायचे, हे निघण्यापूर्वी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. म्हणून हे परीक्षण तेवढ्या एकाच प्रश्नापुरते लिहीत आहे.

आधी आमच्याच चुकीची कबुली देते. घरी भिंतीवर उंची मोजण्याचा जिराफाचा कागद लावलेला आहे. त्यावरील आकडे 60 सेंटिमीटरपासून सुरू होतात, त्यामुळे त्याची खालची कड जमिनीपासून मोजून 60 सेंटिमीटरवर यायला हवी होती. आमच्या यजमानांनी ती स्विचबोर्डाच्या अंदाजाने चिकटवली होती आणि ती दोन सेंटिमीटर खाली बसली होती, हे परत आल्यावर टेप लावला तेव्हा उघडकीस आले. या जिराफाच्या भरवशावर चिरंजीवांची उंची 101 धरून आम्ही महिनाभर त्याला ‘पुस इन बूट्स’च्या झोकेदार गाडीची स्वप्ने दाखवली होती. त्या गाडीची किमान उंची 100 आहे. रांगेच्या तोंडाशी असलेल्या पट्टीने मात्र त्याची उंची 99 दाखवली. कर्मचारी मुलीने वाकून, हसत, अतिशय सौम्यपणे नकार दिला. त्यानंतरची वीस मिनिटे कशी गेली, हे ज्यांना लहान मूल आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या पालकांना उंचीची पट्टी नवी नाही, पण तिच्याशी आपले नाते मोठे गमतीचे आहे. मुंबई-पुण्याच्या परिसरातील बऱ्याच उद्यानांत मुलांचे तिकीट उंचीवर ठरते. त्यामुळे तिकीट-खिडकीपाशी ‘जरा वाकून उभा राहा’ असे कानात सांगणारे आईबाबा अर्ध्या तासाने राइडच्या पट्टीपाशी त्याच मुलाला ‘टाचा उचल’ असे सांगताना दिसतात. सिंगापुरात या दोन्ही कला निरुपयोगी ठरतात. येथे तिकीट वयावर आहे, म्हणजे चार वर्षांखालील मूल फुकट, चार ते बारा वर्षांपर्यंत मुलांचे तिकीट आणि तेराव्या वर्षापासून प्रौढांचे. आणि वय पारपत्रावर छापलेले असते. राइड मात्र उंचीवर आहेत आणि तेथे टाचांकडे लक्ष असते.

आता प्रत्यक्ष आकडे. सर्वांत खालची पायरी 92 सेंटिमीटरची असून तीवर ‘एन्चांटेड एअरवेज’ हा छोटा रोलर कोस्टर आणि ‘कॅनोपी फ्लायर’ हा पाठीला पाठ लावून बसायचा उडता पाळणा येतो. 100 वर पुस इन बूट्स, 102 वर ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही यंत्रमानवांच्या लढाईची अंधारातील राइड आणि 107 वर ‘ज्युरासिक पार्क रॅपिड्स’ ही गोल तराफ्याची जलसफर आहे. ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ या अंधारातील रोलर कोस्टरसाठी 122 आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या जोड रोलर कोस्टरसाठी 125 सेंटिमीटर उंची लागते. आकडे विचित्र वाटतात, पण फूट-इंचांत पाहिले की उलगडा होतो. 92 म्हणजे तीन फूट, 102 म्हणजे चाळीस इंच, 107 म्हणजे बेचाळीस इंच आणि 122 म्हणजे बरोबर चार फूट, सगळे वरच्या पूर्ण सेंटिमीटरला नेलेले. 125 मात्र कोणत्याही इंचात नीट बसत नाही. तो कोस्टर व्हेकोमा या डच कंपनीचा आहे, त्यामुळे तो आकडा मुळातच मीटरच्या मापातला असावा, असा माझा अंदाज.

या पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहाव्यात. त्या तक्त्यात मध्यम उंची चार वर्षांना साधारण 103 सेंटिमीटर, पाच वर्षांना 110, सहा वर्षांना 116 आणि सात वर्षांना सुमारे 121 आहे. याचा अर्थ असा की जे मूल फुकट आत येते, त्याला 92 च्या दोन राइड आणि किमान उंचीची अट नसलेल्या सौम्य राइड एवढेच मिळण्याची शक्यता अधिक. जे मूल नुकतेच चार वर्षांचे होऊन तिकीट भरू लागले आहे, ते बरोबर 102 च्या रेघेवर घुटमळत असते. आणि चार फुटांची रेघ बहुतेक मुले सात वर्षे उलटल्यावरच ओलांडतात. सहलीचे वर्ष ठरवायचे स्वातंत्र्य असेल, तर धाकट्याचे पाचवे वर्ष पूर्ण होऊ द्यावे, असे मी आता ठामपणे सांगेन. ‘चार वर्षांच्या आत गेलो तर एक तिकीट वाचते’ हा हिशेब आम्हीही केला होता. तिकीट वाचले, हे खरे.

नियमाविषयी तक्रार करण्याआधी त्याचे कारण समजून घेणे बरे. गाडी चढावाच्या माथ्यावरून खाली वळते तेव्हा शरीर आसनावरून क्षणभर उचलले जाते. त्या वेळी मांड्यांवर टेकलेली दांडी किंवा खांद्यांवरून आलेला पट्टाच माणसाला धरून ठेवतो. ती दांडी ज्या बांध्यासाठी घडवली आहे, त्याहून लहान बांध्याचे मूल तिच्याखालून पुढे घसरू शकते. दांडी दोघांत एकच असेल, तर ती मोठ्या माणसाच्या मांडीवर अडते आणि शेजारच्या मुलापुढे पोकळी राहते. अशा वेळी ‘मी त्याला घट्ट धरून बसते’ या आश्वासनाला अर्थ उरत नाही. सिंगापुरात या राइडच्या सुरक्षिततेसाठी 2011 सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि देखरेख तेथील इमारत व बांधकाम प्राधिकरणाकडे आहे, त्यामुळे दारावरचा कर्मचारी गळ घालून विरघळत नाही. आपल्याकडील एका उद्यानात, नाव घेत नाही, वडिलांनी आवाज चढवल्यावर एका लहान मुलीला आत सोडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा मला ते वडील चतुर वाटले होते.

पट्टी ओलांडली म्हणजे मूल एकटे बसू शकते, असाही समज नको. 122 खालील मुलांबरोबर बहुतेक ठिकाणी मोठे माणूस बसावे लागते. त्यामुळे दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले अशा कुटुंबात एक मूल राइडच्या आत आणि एक बाहेर असले की दोघेही पालक गुंतून पडतात. येथे ‘चाइल्ड स्विच’ ही सोय उपयोगी पडते आणि माझ्या मते या उद्यानाची ती सर्वांत मोलाची सेवा आहे. रांगेच्या सुरुवातीलाच कर्मचाऱ्याला सांगायचे; एक पालक राइडमध्ये बसतो, दुसरा मुलासह थांबतो आणि पहिला परतल्यावर दुसरा पुन्हा रांग न लावता आत जातो. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. आमची मुलगी 117 सेंटिमीटरची. ट्रान्सफॉर्मर्समध्ये ती आधी बाबांबरोबर बसली आणि मग माझ्याबरोबर. पहिल्या खेपेला तिने डोळे मिटून घेतले होते, हे तिने दुसऱ्या खेपेनंतर सांगितले. उंची पुरली तरी आवाज आणि अंधार सोसेलच असे नाही, हे पट्टीवर लिहिलेले नसते.

ही सोय रांग टाळत नाही, फक्त दुसऱ्यांदा लागणारी रांग वाचवते, हे मात्र लक्षात घ्यावे. पाऊण तास रांगेत उभे राहून शेवटी ज्याला बसताच येणार नाही, अशा चिमुरड्याला सांभाळणे ही काही विश्रांती नव्हे. दुपारनंतर आम्ही मार्ग बदलला. सासूबाई नातवाला घेऊन ‘सेसमी स्ट्रीट स्पॅगेटी स्पेस चेस’मध्ये गेल्या. तेथे किमान उंचीची अट नाही, मोठे माणूस बरोबर असले की पुरते आणि ती राइड थंडगार इमारतीत आहे. त्या दोघांनी तिच्या लागोपाठ तीन फेऱ्या केल्या. चार वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलामागे धावणे आजीला झेपेल का, याचा विचार आधी करावा. आमच्याकडे बाबागाडी होती म्हणून निभावले.

एक्स्प्रेस पास, म्हणजे जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जाण्याची सोय, याविषयी थोडेच सांगते. तो उंचीची अट शिथिल करत नाही, त्यामुळे 107 खालील मुलासाठी तो घेणे मला पैसे वाया घालवणे वाटते. त्याऐवजी उद्यान उघडायच्या आधी दाराशी हजर राहावे. वीज चमकू लागली की उघड्यावरील राइड थांबतात आणि सिंगापुरात दुपारचा पाऊस नित्याचाच आहे. म्हणून कॅनोपी फ्लायर आणि एन्चांटेड एअरवेज सकाळी उरकावेत. धाकट्याला जे दोन झोके मिळणार, तेच पावसात बुडाले तर त्याच्या दिवसाला काही अर्थ उरत नाही.

घरून निघण्याआधी मुलाची उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर सपाट पुस्तक धरून सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि तीही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या धावपळीने मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची किंचित कमी भरते. रेघेपासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल, तर मुलाला ती राइड कबूल करू नये.

मोठ्या मुलीच्या अनुभवावरून पाचपैकी साडेचार आणि धाकट्याच्या अनुभवावरून अडीच गुण देते. जिराफ आता टेप लावून नव्याने चिकटवला आहे आणि 102 पाशी चिरंजीवांनी स्वतः लाल पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. दर रविवारी तो तिच्याखाली उभा राहतो. टाचा खाली आहेत ना, हे बघायचे काम ताईकडे आहे.