खिशातल्या प्लेअरला रागाचा खाना हवा

गेले चार महिने मी एक नवा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा म्युझिक प्लेअर वापरतो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष कमीअधिक प्रमाणात या वर्गातल्या बऱ्याच उपकरणांत आढळतात. आवाजाबद्दल तक्रार नाही. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या) फाइली सुरळीत वाजतात, तंबोऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते आणि डग्ग्याची घुमारी फुगवून सांगितलेली वाटत नाही. बटणे खरीखुरी असल्याने खिशात हात घालून न बघता आवाज कमी करता येतो, हेही आजकाल थोडे नाही. अडचण आहे ती आतल्या सॉफ्टवेअरची. ते तीन-चार मिनिटांचे गाणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे आणि माझ्या मेमरी कार्डावर तर बहुतांश ख्याल, म्हणजे लांबलचक रागगायन, भरलेले आहेत.

पहिला अनुभव रागरंगाचा विरस करणाराच होता. सीडीवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल पुष्कळदा दोन ट्रॅकमध्ये विभागलेले असतात. गाणारा मात्र मध्ये थांबलेला नसतो. या प्लेअरवर विलंबित (संथ) भाग संपून द्रुत (जलद) सुरू होताना तंबोरा क्षणभर तुटतो. एमपीथ्रीच्या बाबतीत याचे कारण समजण्यासारखे आहे. त्या पद्धतीत आवाजाचे 1152 नमुन्यांचे (सूक्ष्म मोजमापांचे) तुकडे, म्हणजे सीडीच्या हिशेबाने सुमारे 26 मिलिसेकंदांचे, पाडले जातात आणि फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. ती नेमकी किती आहे, याची नोंद लेम हा एन्कोडर (एमपीथ्री फाइल बनवणारा प्रोग्राम) फाइलीतच करून ठेवतो. प्लेअरने ती वाचून तेवढा भाग वगळला की काम झाले. फ्लॅकमध्ये तर ही शांतता मुळातच नसते. तरीही माझ्या फ्लॅक फाइलींत तंबोरा तुटतो, याचा अर्थ दोष पुढची फाइल वेळेवर न उघडणाऱ्या प्लेअरचा आहे. पहिली सूचना म्हणूनच अखंड वादनाची, आणि तीही सेटिंगच्या पोटात दडवलेली नव्हे, मुळातच चालू असलेली.

खरा प्रश्न मात्र संग्रह लावण्याचा आहे. प्लेअर मला कलाकार, अल्बम, गाणे आणि प्रकार असे चार दरवाजे देतो. मला हवा असलेला पाचवा, रागाचा, त्यात नाही. या खोडीचे मूळ जुने आहे. 1996 साली आलेल्या पहिल्या आयडी-थ्री टॅगमध्ये, म्हणजे एमपीथ्री फाइलीला जोडलेल्या माहितीत, शीर्षकाला अवघी 30 अक्षरे होती. रोमन लिपीत ‘राग मियाँ की मल्हार, विलंबित एकताल’ लिहायला घेतले तर तालापर्यंत पोहोचण्याआधीच जागा संपते. प्रकारांची ठरीव यादी 80 नावांची होती. तिच्यात 75 व्या क्रमांकावर पोल्का आहे, ख्याल कुठेच नाही. त्यापेक्षा 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या गायिका गौहर जान यांची सोय बरी म्हणायची. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःच ‘माय नेम इज गौहर जान’ असे सांगून मोकळ्या होत. आवाजातच टॅग!

पुढच्या आयडी-थ्री आवृत्त्यांत आणि फ्लॅकच्या टॅगांत आपल्याला हवा तो खाना तयार करता येतो. संगणकावर फूबार2000 या संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी ‘राग’ आणि ‘ताल’ असे खाने करून त्यांच्या क्रमाने सगळा संग्रह लावलेला आहे. त्याच फाइली खिशातल्या प्लेअरवर टाकल्या की ही माहिती फाइलीत असूनही दिसेनाशी होते. रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर (प्लेअरच्या आतले सॉफ्टवेअर) माझ्या क्लिप प्लस या जुन्या प्लेअरवर आहे. त्यात ‘ग्रुपिंग’ या खान्यात राग आणि ‘कॉमेंट’मध्ये ताल लिहून मेनूची फाइल आपल्या मनासारखी बदलता येते. ही पळवाट आहे, पण चालते. निर्मात्यांनी वापरणाऱ्याला निवडीचे चार मोकळे खाने दिले, तर मी त्यांत राग, ताल, प्रहर आणि साथसंगत भरीन आणि एखादा कव्वालीचा शौकीन आणखी काही भरील. प्लेअरमध्ये घड्याळ असतेच. तेव्हा संध्याकाळी उघडल्यावर पूरिया, मारवा, यमन वर यावेत, एवढी जोडणी फार अवघड नसावी. सक्ती मात्र नको. दुपारी तीनला भैरवी ऐकावीशी वाटली तर प्लेअरने बुवांसारखे डोळे वटारू नयेत.

देवनागरीचे हालही पाहवत नाहीत. ‘विलंबित’मधल्या वेलांट्या अक्षराच्या डावीकडे न लागता उजवीकडे लटकतात, ‘दुर्गा’तला रफार डोक्यावर चढायचे विसरतो आणि पाय मोडलेला ‘र’ शेजारी उभा राहतो. हार्फबझ हे अक्षरजुळणीचे मुक्त सॉफ्टवेअर फायरफॉक्स आणि अँड्रॉइड वापरतात, त्यामुळे हा प्रश्न नव्याने सोडवायचा नाही. शोधही असा हवा, की रोमन ‘बागेश्री’ची शेवटची वेलांटी दोन ‘ई’ घालून लिहिली काय किंवा एक ‘आय’ घालून लिहिली काय, देवनागरीतल्या नोंदीसकट सगळे एकत्र यावे.

रियाजासाठीची मागणी माझ्या लेकीची आहे. गुरुजींनी काळी दोनमध्ये (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून) गाऊन दिलेला पाठ तिला काळी एकमध्ये हवा असतो. नुसती गती कमी करून स्वर दोन पट्ट्या उतरवला तर गाणे सुमारे 11 टक्के संथ होते आणि ठेक्याची चाल बिघडते. रॉकबॉक्समध्ये लय कायम ठेवून पट्टी बदलता येते. नव्या प्लेअरमध्ये फक्त वेग बदलतो, तोही ठरलेल्या चार पायऱ्यांनी. एखादी तान पुन्हापुन्हा ऐकण्यासाठी दोन खुणांमधला भाग फिरवत ठेवता येतो खरा, पण प्लेअर बंद केला की खुणा पुसल्या जातात. त्या फाइलीबरोबर जतन झाल्या पाहिजेत. तासाभराच्या मैफलीत आपण कुठे थांबलो होतो, हेही असेच लक्षात राहावे.

आवाजाची पातळी समान करणारी सोय आहे, पण ती ट्रॅकवार चालते, त्यामुळे हळुवार आलाप उगाच मोठा होतो. अल्बमवार पर्याय द्यावा.

यातल्या कशासाठीही यंत्राला हात लावावा लागेल असे मला वाटत नाही; फर्मवेअरच्या एखाद-दोन आवृत्त्यांत बरेचसे होण्यासारखे आहे. ज्यांच्या कार्डावर सिनेमाची गाणी आणि भावगीते आहेत, त्यांनी हा प्लेअर आजही खुशाल घ्यावा. माझ्याकडे तो प्रवासाच्या पिशवीत असतो आणि जुना क्लिप प्लस हार्मोनियमवर.