७१ हजारांवर घेतलेली टूरिंग बाईक: १९ महिने आणि २७ हजार किलोमीटरनंतर

ओडोमीटरवर ९३ हजार ४८० किलोमीटर असताना माझी गाडी रात्री रस्त्यात बंद पडली. आधी मीटरचा दिवा मंद झाला, मग हेडलाइट पिवळा पडला आणि पुढच्या दहा मिनिटांत इंजिन थांबले. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सीटही न उघडता मला अंदाजपत्रक देण्यात आले. त्यात स्टेटर कॉइल (इंजिन चालताना वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर (ती वीज बॅटरीसाठी आवरणारा भाग), बॅटरी आणि संपूर्ण वायरिंग असे सगळेच नवीन होते. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, एवढं रनिंग झालंय, आता काय काय टिकणार?" हा अनुभव मी आज लिहीत आहे तो त्या एका वाक्यामुळे. रनिंग म्हणजे येथे ओडोमीटरवरचे एकूण किलोमीटर. मायलेज हा शब्द मी टाळला आहे, कारण मराठीत त्याचा अर्थ लिटरमागचे किलोमीटर असा घेतला जातो.

गाडीचे आणि कंपनीचे नाव मी लिहीत नाही. चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारे इंजिन, चेन ड्राइव्ह, मोठी टाकी आणि तीन बॉक्स, एवढे सांगितले की वर्ग लक्षात येईल. घेताना माझ्यासमोर एकाच मॉडेलच्या, दोन्ही नऊ वर्षे जुन्या, अशा दोन गाड्या होत्या. एकीचे रनिंग १४ हजार होते, दुसरीचे ७१ हजार. दुसरीची किंमत पहिलीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी होती, आणि पैसे जपून वापरण्याची सवय असल्यामुळे मी तिच्याकडे वळले हे खरे. पण निर्णय झाला तो आधीच्या मालकाच्या वहीमुळे. प्रत्येक ऑइल बदल, २४ हजार आणि ४८ हजारांवर तपासलेले टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हची गॅप), २४, ४७ आणि ६९ हजारांवर बदललेला चेन-स्प्रॉकेट सेट आणि दर दोन वर्षांनी बदललेले ब्रेक ऑइल, हे सर्व तिच्यात तारखेसह लिहिलेले होते. १४ हजारांच्या गाडीसोबत नोंद म्हणून काहीही नव्हते. ती रोज कामावर जाण्यायेण्यासाठी वापरली जात होती आणि नंतर दोन वर्षे उभीच होती.

त्या दिवशी मी एक साधा हिशेब केला आणि आजही तो मला योग्य वाटतो. लांबच्या प्रवासात सरासरी ताशी ६० किलोमीटर धरले, तर ७१ हजार किलोमीटरला इंजिन सुमारे १,१८० तास चालले. गर्दीतून ताशी २० च्या सरासरीने १४ हजार किलोमीटर कापायला ७०० तास लागतात. ओडोमीटरवर पाचपटीचा फरक दिसतो, पण इंजिन चालल्याच्या तासांत तो दुपटीहूनही कमी उरतो. थंड इंजिन किती वेळा सुरू झाले हे मोजायला गेले तर चित्र पूर्ण उलटते. आठ-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांनी १४ हजार पूर्ण व्हायला १,७५० वेळा स्टार्टर दाबावा लागतो. दिवसाला २०० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ७१ हजारांसाठी थंड इंजिन साधारण ३५५ वेळाच सुरू करावे लागते. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असते, पेट्रोलचे प्रमाण जास्त असते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि फेरी छोटी असेल तर ते पेट्रोल व आत साचलेली वाफ उडून जाण्याइतके ऑइल तापतच नाही. रिंग आणि बेअरिंग यांची झीज या पहिल्या काही मिनिटांत सर्वाधिक होते. एका ठरावीक वेगाने तासन्‌तास चालणाऱ्या टूरिंग गाडीच्या वाट्याला हा काळ फार कमी येतो.

म्हणून सुरुवातीला मी जो भेटेल त्याला सांगत होते की रनिंगचा आकडा पाहूच नका. हे मत मला नंतर दुरुस्त करावे लागले.

७२ हजारांवर टॅपेट तपासले, तेव्हा एक्झॉस्टच्या दोन व्हॉल्व्हची गॅप मर्यादेपेक्षा कमी निघाली आणि शिम (गॅप जुळवणाऱ्या बारीक चकत्या) बदलाव्या लागल्या. ही झीज खरोखर किलोमीटरची असते. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये, म्हणजे टेकण्याच्या जागेत, हळूहळू खोल बसत जातो, तशी गॅप कमी होते. अशा व्हॉल्व्हचा आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, त्यामुळे शांत इंजिन ऐकून निश्चिंत होणारा मालक नेमका येथे फसतो. गॅप संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सीटला टेकून त्याला जो थंडावा मिळायचा तो मिळत नाही आणि तो जळतो. ९६ हजारांवर पुन्हा तपासले, तेव्हा सर्व मापे मर्यादेत होती. ज्या गाडीची ही तपासणी जवळ आली आहे किंवा चुकली आहे, तिच्या किमतीतून हा खर्च आधीच वजा करावा. टूरिंग गाडीत फेअरिंग (बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण), टाकी, रेडिएटर बाजूला करण्याचे कामच प्रत्यक्ष मापापेक्षा मोठे असते.

८० हजारांच्या आसपास हँडल सरळ रेषेत किंचित अडकू लागले, म्हणून कोनसेट (हँडलचे बेअरिंग) बदलला. मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची पकड त्याआधीच सैल झाली होती आणि सामान भरल्यावर वळणात गाडी डोलत असे. तो उघडून त्याचे ऑइल व सील बदलले. मागची डिस्क तिच्यावरच कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आली आहे, ती या वर्षी बदलावी लागेल. क्लच प्लेट मात्र अजून मूळच्याच आहेत, कारण हायवेवर गिअर बदलावा लागतो तो थोडा वेळच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. ती म्हणजे स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरी रेग्युलेटरला जोडणारा, अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा कपलर. टूरिंग गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने इंजिनचा आवाज ऐकण्याआधी हा कपलर पाहावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

त्या वर्कशॉपमध्ये मी फक्त एवढी विनंती केली होती की काहीही बदलण्याआधी मल्टिमीटर लावून मोजा. नकार मिळाला. जुन्या गाडीत मोजण्यात वेळ घालवत नाही आणि सर्व बदलायचे नसेल तर गाडी घेऊन जा, असे स्पष्ट सांगण्यात आले. तपासणीचे शुल्क मात्र घेतले गेले, आणि काय तपासले हे मी लेखी मागितल्यावर कागदावर केवळ "हाय रनिंग" असे लिहून मिळाले. मी गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून स्वतः मोजायला बसले.

बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावर तिचे व्होल्टेज १२.७ होते, म्हणजे ती निरोगी होती. गाडी सुरू करून इंजिन ५ हजार आरपीएमवर नेले, तर तेथे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा होता, तो १२.१ येत होता. कपलर काढून तिन्ही पिवळ्या वायरींमधले एसी व्होल्टेज दोन-दोनच्या जोडीने मोजले. तिन्ही जोड्यांत सारखेच आले, आणि कोणत्याही वायरीचा बॉडीशी संपर्क नव्हता. म्हणजे ज्या कॉइलसाठी इंजिनचे कव्हर उघडायचे होते ती पूर्ण शाबूत होती. कपलर उलटा केला तेव्हा एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेले दिसले.

तेव्हा मला वाटले की हा दोष वयाचा आहे, ओलावा आणि गंज यांचा आहे, रनिंगचा याच्याशी काहीही संबंध नाही. पण या चार्जिंगची पद्धत समजून घेतल्यावर ते मतही अपुरे ठरले. बहुतेक जुन्या टूरिंग गाड्यांत मॅग्नेट कायमस्वरूपी असल्यामुळे कॉइल आरपीएमनुसार वीज निर्माण करतच राहते, गाडीला ती लागो वा न लागो. शंट पद्धतीचा रेग्युलेटर लागेल तेवढी वीज घेतो आणि उरलेली कॉइलकडेच शॉर्ट करून परत फिरवतो. त्यामुळे हायवेवर सहा तास चालताना त्या तीन पिनांमधून सहा तास जवळजवळ पूर्ण करंट वाहत असतो. पिनेचा संपर्क किंचित सैल झाला की तेथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेमुळे पिनेवर काळपटपणा, आणि त्यामुळे आणखी रोध, असे चक्र सुरू होते. मी एलईडी दिवे बसवून कॉइलचा भार हलका केला आहे अशा समजुतीत होते. शंट रेग्युलेटरमध्ये दिव्यांनी वाचवलेली वीज कॉइलचा करंट कमी करत नाही, फक्त रेग्युलेटरला अधिक वीज परत फिरवावी लागते. म्हणजे ओडोमीटरवरचे किलोमीटर येथे खरोखरच मोजले गेले होते. फक्त त्यांनी झिजवलेली वस्तू इंजिन नव्हती, गाडीतल्या सर्वात स्वस्त भागांपैकी एक होती.

कपलर कापून तिन्ही वायरी मी थेट जोडून घेतल्या, जोडावर सोल्डर आणि वर उष्णतेने आवळणारी नळी घातली, आणि रेग्युलेटर सिरीज पद्धतीचा बसवला, जो जास्तीची वीज शॉर्ट करण्याऐवजी मार्गच तोडतो व त्यामुळे कॉइल थंड राहते. एकूण खर्च वर्कशॉपच्या अंदाजपत्रकाच्या नवव्या भागाएवढा झाला. तो कपलर मी जपून ठेवला आहे.

ती १४ हजारांची गाडी माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी घेतली, म्हणून तिचेही सांगता येते. टायरच्या बाजूवरील चार अंकी कोड, ज्यात आधी आठवडा आणि मग वर्ष असते, तो पाहिला तेव्हा टायर आठ वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर होती, पण रबर कडक होऊन भेगा पडल्या होत्या. फोर्कचे ऑइल सील, कूलंटचे पाइप, टाकीतील गंज आणि त्यामुळे अडकलेला पेट्रोल पंप, ही कामे त्यांना पहिल्या आठ महिन्यांत करावी लागली. त्यानंतर मात्र गाडी उत्तम चालते आहे, आणि तिचे स्विच, सीट व रंग माझ्या गाडीपेक्षा कितीतरी चांगले आहेत, हे मान्य केले पाहिजे.

मान्य करण्यासारखी दुसरी गोष्ट किंमत. एक लाख किलोमीटर होण्याआधी विकावी का, या विचाराने मी गेल्या महिन्यात गाडीची किंमत काढून घेतली. एक्स्चेंजवाल्यांनी ओडोमीटर पाहिला, वही उघडलीही नाही, आणि माझ्या खरेदीपेक्षा ३५ टक्के कमी आकडा सांगितला. स्वतः लांबचा प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाने वही पूर्ण वाचली, टॅपेटची मापे विचारली आणि केवळ १५ टक्के कमी देऊ केले. गाडी तीच, आठवडा तोच, आणि फरक वीस टक्क्यांचा. ५० हजार आणि एक लाख या आकड्यांशी किंमत पायरीसारखी खाली येते. ९९ हजार आणि १ लाख १ हजार यांत यंत्राच्या दृष्टीने काहीही घडत नाही, तरी बाजार तेथे पायरी मानतो. ज्याला लवकर विकायची आहे त्याने ही पायरी गृहीत धरूनच घ्यावी. मी मात्र पायरी उतरलेली गाडी घेतली होती, त्यामुळे नवव्या वर्षानंतर घसरायला फारसे उरलेच नव्हते, आणि २७ हजार किलोमीटरवर विभागले तर १५ टक्क्यांची ती घट पेट्रोलच्या खर्चापुढे अगदी किरकोळ ठरते.

अर्जेंटिनाचे एमिलिओ स्कोट्टो १९८५ ते १९९५ या काळात एका होंडा गोल्ड विंगवर ७ लाख ३५ हजार किलोमीटर फिरले. त्यांची गाडी १९८० सालची, म्हणजे निघतानाच जुनी होती. माझी गाडी त्या वर्गातील नाही, पण ९८ हजारांना "संपलेली" म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा असे मला मनापासून वाटते. सर्वच लाख किलोमीटरच्या गाड्या घ्याव्यात असे मात्र मी म्हणत नाही. वही नसेल, फूटरेस्टचे रबर आणि डिस्कची झीज ओडोमीटरशी जुळत नसेल, किंवा मीटर बदलला असून त्याची नोंद नसेल, तर मी १४ हजारांची गाडीही घेणार नाही.

गाडी विकण्याचा विचार मी सोडला आहे. काल ४६० किलोमीटरवरून परत आल्यावर फेअरिंगचे झाकण काढून जोडांना हात लावला, तर ते कोमट होते. ५ हजार आरपीएमवर १४.२ व्होल्ट आले. ते वहीत लिहून ठेवले आहे.