बेटांच्या मॅपवर खेळायचंय? मग सिव्हिलायझेशन पाचवा, सहावा की सातवा?

सिव्हिलायझेशन या पाळीपाळीने खेळायच्या, साम्राज्य उभारायच्या गेम मालिकेतल्या ग्राफिक्स, नेते, मल्टिप्लेअर यांवर भरपूर वाद झालेत, ते बाजूला ठेवतो. ज्यांना गेम सुरू करतानाच द्वीपसमूहाचा मॅप निवडायची खोड आहे, त्यांनी पैसे कशात घालावेत एवढंच इथे पाहू.

पाचवा (२०१०) घेणार असाल तर नुसता मूळ गेम घेऊ नका. शहर जिंकू शकणारी जहाजं गॉड्स अँड किंग्ज या विस्तारात (मूळ गेमला जोडायच्या भागात, २०१२) आली, आणि समुद्री व्यापारमार्ग ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारात (२०१३). हे दोन्ही असले की मजा आहे: गलबताने पाठवलेला माल खुष्कीच्या तांड्यापेक्षा दुप्पट सोनं आणतो. ऑप्टिक्स हे तंत्रज्ञान शोधलं की पायदळ पाण्यात उतरतं, पण खोल समुद्रासाठी ॲस्ट्रॉनॉमीपर्यंत थांबावं लागतं. पॉलिनेशियाचं राज्य घेतलं तर तेही नाही, पहिल्या टर्नपासून (पाळीपासून) वाट्टेल तिकडे जा.

लढाईसाठी मला आजही पाचवाच आवडतो. पाच-सहा फ्रिगेट जहाजं लांबून तोफा डागतात, एखादं प्रायव्हेटिअर जहाज शेवटी आत घुसतं आणि किनाऱ्यावरची राजधानी हातात येते. एआय, म्हणजे संगणक खेळवत असलेला प्रतिस्पर्धी, बिचारा बघत राहतो. अडचण विस्ताराची आहे. प्रत्येक नवं शहर सगळ्या साम्राज्याचा आनंद खातं आणि पुढचं संशोधनही महाग करतं. त्यामुळे दोन मासे आणि एक टेकडी असलेलं बेट समोर दिसत असूनही सोडून द्यावं लागतं, आणि हे मला दर वेळी टोचतं.

सहाव्यात (२०१६) तेच बेट सोन्याचं होतं. इथे बंदर हा शहराचा एक वेगळा भाग असतो, तो पाण्यातल्या एका टाइलवर (मॅपवरच्या चौकटीवर) बांधावा लागतो. आजूबाजूला मासे, खेकडे असतील तर सोनं वाढतं, शिवाय शेजारी व्यापारी पेठ बसवली तर तिलाही फायदा होतो. वर शिपयार्ड बांधलं की बंदराच्या जागेतून मिळणारा फायदा उत्पादनातही मोजला जातो. म्हणून सहाव्यात शहराची जागा ठरवताना मी आधी पाणी बघतो, मग जमीन. सुरुवात मात्र रडतखडत होते: आधी फक्त कामगार होडीत बसतात, सैन्याला शिपबिल्डिंग लागतं, आणि महासागर उघडतो तो कार्टोग्राफीला. एवढा धीर नसेल तर माओरींचं राज्य घ्या. त्यांचा खेळ भर समुद्रातच सुरू होतो, आणि पहिलं शहर वसवायला थोडा उशीर केला तरी त्या काळातलं विज्ञान आणि संस्कृती फुकट मिळते.

सहाव्याचा गॅदरिंग स्टॉर्म हा विस्तार (२०१९) मात्र हवाच. त्यात समुद्राची पातळी वाढते. किनाऱ्यालगतच्या सखल टाइल आधी पुरात जातात, मग कायमच्या बुडतात. गंमत अशी की बॅटलशिप कोळसा जाळतात, म्हणजे ज्या आरमाराच्या जोरावर किनारे जिंकले तेच आरमार किनारे बुडवायला हातभार लावतं. पूररोधक भिंती बांधता येतात, पण पाणी जितकं चढलेलं असेल तितक्या त्या महाग पडतात. एकदा मी त्या पुढच्या टर्नवर ढकलत राहिलो आणि माझी दोन चांगली मळ्यांची शहरं अर्धी झाली. आरमारी लढाईत इथला एआय पाचव्याइतकाच भोळा, तिथे फार आशा ठेवू नका.

सातव्याचं (फेब्रुवारी २०२५) गणित वेगळं आहे. पहिल्या युगात तुम्ही आपल्याच खंडात अडकलेले असता, खोल समुद्र म्हणजे भिंतच. दुसऱ्या युगात ती फुटते: सुरुवातीला खोल पाण्यात जहाजांचं नुकसान होत राहतं, शिपबिल्डिंग आल्यावर ते थांबतं. मग पलीकडच्या भूमीत वसाहती करायच्या आणि तिथला खजिना जहाजांतून मायदेशी आणायचा. पहिल्या दोन-तीन डावांत हे थरारक वाटतं. नंतर तेच ते वाटू लागतं, कारण निघायची वेळ तुम्ही नाही, गेम ठरवतो. मोठ्या नद्यांतून जहाजं आत नेता येतात ही सोय मात्र मला बाकी दोघांतही हवी होती. चोळांचं राज्य खेळता येतं, हाही एक मोह.

बजेट कमी आणि लॅपटॉप जुना असेल तर पाचवा, दोन्ही विस्तारांसह. एकच घेऊन वर्षभर खेळायचा असेल तर सहावा. सातवा सेलमध्ये उतरेपर्यंत मी थांबलो असतो.